मंगळवार त्याचा, शनिवार ताईचा

मंगळवारी साडेअकराला वाचनालयाचा फोन वाजला. पोलीस बोलत होते. हायवेवर दहाव्या मैलाजवळ ट्रकने स्कूटरला धडक दिली होती. स्कूटरवरच्या पिशवीत पुस्तकं होती. पुस्तकांवर आमचा शिक्का होता आणि शिक्क्यात नंबर होता. स्कूटर चालवणारा जागीच गेला होता. त्याचं नाव त्यांना हवं होतं. मी नोंदवही उघडून नाव सांगितलं.

"पाकिटातल्या आधार कार्डावर वेगळं नाव आहे," ते म्हणाले. "मुलीचं आहे."

"माणूस तोच आहे," मी म्हणाले.

पुढचं सांगण्याआधी तो कसा होता ते सांगते.

फाटकं पुस्तक हातात आलं की तो ते कानाशी न्यायचा. वरचा पुठ्ठा दोन बोटांनी हळूच मागे वाकवायचा आणि पाठीतून येणारी करकर ऐकायचा, डॉक्टर छाती ऐकतात तशी. मग पुस्तक मांडीवर ठेवून निकाल द्यायचा. "पाठ गेली. पोट शाबूत." म्हणजे बाहेरची बांधणी सुटली आहे, आतली पानं जागेवर आहेत, काम होण्यासारखं आहे. कधी उलटंही असायचं. बाहेरून नवंकोरं दिसणारं पुस्तक ऐकून तो मान हलवायचा. "हे आतून सगळं सुटलंय, मॅडम. कुणी उघडलं नाही म्हणून उभं आहे."

तुम्ही एखाद्या जुन्या वाचनालयाचे सभासद असाल तर असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. लक्ष गेलं नसेल, एवढंच. पंचवटीतल्या आमच्या वाचनालयात मासिकांच्या कपाटामागे खिडकीजवळ थोडी जागा आहे. दर मंगळवारी तो तिथे सतरंजी टाकून बसायचा. शेजारी दाभण, दोऱ्याचं रीळ, पुठ्ठे आणि स्टीलचा डबा. डब्यात घरून शिजवून आणलेली मैद्याची खळ असायची. पुस्तकाला कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद घातलेलं असायचं, त्यामुळे खळीला हिरवट रंग यायचा. जे काम तिथे उरकायचं नाही ते पिशवीत भरून हिरावाडीतल्या आपल्या खोलीवर न्यायचा आणि पुढच्या मंगळवारी परत आणायचा.

आमचे कार्यवाह वयाने सत्तरीच्या पुढचे. त्यांनी एकदा तो डबा उघडून पाहिला आणि ही कसली खीर म्हणून विचारलं. "खाऊन बघा, काका," तो म्हणाला. "पुढची पन्नास वर्षं तुम्हाला कसर लागणार नाही."

त्याच कार्यवाहांना सुरुवातीचे काही महिने एक प्रश्न छळत होता. त्याच्या ओठांवर विरळ मिशी होती, पण आवाज मध्येच पातळ व्हायचा, मनगटं बारीक होती. कार्यवाह मला खुणेने विचारायचे, मी लक्ष द्यायचे नाही. शेवटी त्यांनी त्यालाच गाठलं. राग मानू नको, पण एक विचारतो, तू नक्की कोण?

"बाइंडर, काका," तो म्हणाला आणि दोरा दातांनी तोडला.

कार्यवाह हसले. त्यानंतर ते त्याला बाइंडर म्हणूनच हाक मारायचे, आणि मला वाटतं, तो प्रश्न त्यांच्यापुरता संपला. माणसं वाईट नसतात. त्यांना उत्तर देणारं कुणी भेटावं लागतं.

मला तो प्रश्न पडला नाही, कारण मी त्याला आधीपासून ओळखत होते. तो शाळेत असल्यापासून. मी त्याच्याबद्दल तो असंच लिहिणार आहे, दोन वेण्या होत्या तेव्हाचंही. ओझरहून दोघं यायची. ताई त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेलेली, वडील तिकडच्या विमानांच्या कारखान्यात कामाला. ताई वडिलांसाठी ऐतिहासिक कादंबऱ्या न्यायची आणि हा जादूच्या, राक्षसांच्या, उडत्या घोड्यांच्या गोष्टी. पुस्तक घेतलं की आधी शेवटचं पान उघडायचा. मी एकदा रागावले, की अशाने गोष्टीतली गंमत जाते. तो म्हणाला, "शेवटी सगळे घरी आहेत का एवढंच बघतो."

मग काही वर्षं फक्त ताई यायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, बाहेर असते शिकायला. ते म्हणताना ती कपाटाकडे बघत होती.

एका मंगळवारी एक तरुण माझ्या टेबलासमोर आला आणि बांधणीसाठी पुस्तकं असतात का म्हणून विचारू लागला. मी त्याला वाचनालयाचं एक फाटकं पुस्तक पाहायला दिलं. त्याने ते शेवटच्या पानावर उघडलं. मी वर पाहिलं. त्यानेही पाहिलं. तो दाराकडे बघत होता, निघून जाण्याच्या तयारीत असल्यासारखा. मी नोंदवही पुढे ओढली आणि नाव काय लिहू असं विचारलं. त्याने सांगितलं, मी लिहिलं. ते अक्षर तो बराच वेळ वाचत उभा राहिला. सबंध ओळखीत मी वेळेवर केलेली ती एकच गोष्ट.

हळूहळू कळत गेलं. एकविसाव्या वर्षी त्याने घरी सांगितलं होतं. वडिलांनी एकच वाक्य उच्चारलं, की मला दोन मुली आहेत, त्यातली एक आजपासून बाहेरगावी आहे. ताईने त्याला भेटायचं नाही, फोन करायचा नाही. ताई ओझरलाच बालवाडीत शिकवायची, वडिलांचं सगळं तीच बघायची. ती काहीच बोलली नाही. तिला त्याने कधी दोष दिला नाही. "ती हो म्हणाली नाही," खळ लावता लावता तो म्हणायचा. "पण नाही पण म्हणाली नाही, मॅडम. ते तुम्ही धरतच नाही."

अशी ती दोघं. मंगळवार त्याचा, एका शनिवाराआड शनिवार ताईचा. मधल्या दिवसांत मी आणि पुस्तकं.

मंगळवारी आल्या आल्या तो विचारायचा, शनिवारी काय नेलं? मी सांगायचे. परत आलेली पुस्तकं तो आधी हातात घ्यायचा. वडिलांना वाचता वाचता पानाचा कोपरा दुमडायची सवय होती. ताई कधी दुमडायची नाही, तिच्यासाठी खूण म्हणून कागदाची पट्टी असायची. तो एकेक कोपरा सरळ करायचा, त्यावर बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "शंभरावर पोचलेत. आता डोळ्याला त्रास होतोय वाटतं, रोज दहाच पानं होतायत." त्या कोपऱ्यांवरून त्याला घरचं सगळं कळायचं. एकदा महिनाभर एकही कोपरा नव्हता तेव्हा तो कासावीस झाला. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, असं मला शनिवारी कळलं आणि मंगळवारी मी त्याला सांगितलं.

ताई पुढे काय वाचेल याचाही त्याला अंदाज असायचा. ती पुस्तकं तो जरा जास्त मन लावून बांधायचा आणि पाठीत एक बारीक लाल फीत खुणेसाठी शिवायचा. इतर पुस्तकांना फीत नसायची. ताई पुस्तक घेताना फीत बोटाला गुंडाळायची, सोडायची. मला कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तिला कळलं होतं असं मला तेव्हा वाटायचं. आता खात्री देता येत नाही.

चंद्राची गोष्ट त्याने मला एका पावसाळी मंगळवारी सांगितली. ज्या मुलींना भाऊ नसतो त्या भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात, हे तुम्हाला माहीत आहे. बीजेची कोर नखाएवढी असते आणि सूर्यामागोमाग मावळते, त्यामुळे घाई करावी लागते. कारखान्याच्या वसाहतीतल्या गच्चीवर ताई दरवर्षी ताट घेऊन उभी राहायची. हा सात वर्षांचा असताना पाट घेऊन गच्चीवर गेला, तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "चंद्राला कशाला? मी आहे ना." सगळे हसले. ताईने त्याला टिळा लावला, ओवाळलं. वडिलांनी फोटो काढला.

बाराव्या वर्षी तो पुन्हा पाटावर बसला. कुणी हसलं नाही. वडिलांनी दंडाला धरून उठवलं. "त्या दिवशी आभाळ आलं होतं," तो म्हणाला. "ताईला चंद्र दिसतच नव्हता. तिने आभाळालाच ओवाळलं. मी बाजूला उभा होतो, दोन हातांवर."

हे सांगताना त्याचा हात थांबला नव्हता. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, एकमेकांना शिवणं चालू होतं. गाठ मारून झाल्यावर तो म्हणाला, मला बाकी काही नको, मॅडम. तिने एकदा पाट मांडावा.

त्याने लिहिलेली गोष्ट मी गेल्या वर्षी गुढीपाडव्यानंतर पाहिली. फुलस्केप वहीत निळ्या शाईने लिहिलेली, शंभरेक पानांची लघुकादंबरी. नाव नव्हतं दिलेलं. थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याशी बांधलेलं आहे.

डोंगरावर एक नगर आहे. तिथे माणसं सावलीशिवाय जन्मतात. मूल दहा वर्षांचं झालं की राजाचे शिंपी येतात आणि त्याच्या टाचांना सावली शिवतात. सावल्या दोनच मापांच्या, एक पागोट्याची, एक पदराची. कुणाला कुठली हे राजाच्या वहीत आधीच लिहिलेलं असतं. त्या नगरात दोन भावंडं आहेत. त्यांचा बाप राजाकडचा शिंपी. धाकट्याची सावली शिवायची पाळी त्याच्यावरच येते. तो वही बघतो आणि पदराची सावली शिवतो. टाके वाकडे पडतात, पण शिवतो. धाकटा त्या सावलीला अडखळून पडत राहतो. दुपारभर चिंचेखाली जाऊन बसतो, कारण झाडाच्या सावलीत सगळ्यांच्या सावल्या एक होतात. मोठी बहीण हे पाहते. एक दिवस बापाची कात्री उचलते आणि भर चौकात, सूर्य डोक्यावर असताना, सावली सर्वांत लहान आणि टाके सर्वांत स्पष्ट असतात त्या घटकेला, भावाचे टाके उसवते.

मग नगर पेटतं. आपलेही टाके उसवून घ्यायला पाणी भरणारे येतात, विणकर येतात. ऐंशी वर्षांची एक म्हातारी येते. ती म्हणते, मला बदलायची नाही बाई, फक्त सुटल्यावर कशी दिसते ते बघायचंय. ते पान वाचून मी हसले होते.

शेवटी दोघं पकडली जातात. दरबारात वही उघडलेली आहे. राजाचा लेखनिक बहिणीला विचारतो, "हा तुझा कोण लागतो?" वहीतलं उत्तर दिलं तर दोघं घरी जातील, टाके पुन्हा घातले जातील. दुसरं उत्तर दिलं तर तिचीही सावली कापून दरीत टाकतील.

तिथे गोष्ट थांबते. प्रश्नाखाली अर्धं पान कोरं.

मी त्याला विचारलं, पुढे?

"ते ताई लिहिणार," तो म्हणाला. "मी दिली तर बाबा फाडून टाकतील. तुम्ही दिलीत तर वाचनालयाचं पुस्तक म्हणून घरात जाईल. तिने वाचावी आणि खाली लिहावं. काय हवं ते लिहू दे." मग म्हणाला, "मी सगळ्यांचे शेवट आधी वाचतो. हा एकच मला माहीत नाही."

मी वही घेतली. मला शुद्धलेखनाची सवय आहे. तरुणपणी मी छापखान्यात मुद्रितं तपासायचे. पहिल्याच पानावर सात चुका होत्या. इतकी चांगली गोष्ट अशी कशी द्यायची, असं मला वाटलं. मी लाल पेन घेतलं. दुरुस्त्या झाल्यावर वाटलं, आता हे वाचायला खराब दिसतं, सुवाच्य अक्षरात उतरवून काढावं. रोज दोन पानं. कधी एक.

तो दर मंगळवारी विचारायचा, दिली?

थोडं राहिलंय, मी म्हणायचे.

"वजनाखाली ठेवलीय का, मॅडम?" तो म्हणायचा. बांधलेलं पुस्तक रात्रभर वजनाखाली ठेवावं लागतं, त्यावरून. "फार दाबलं की खळ बाहेर येते हं."

वैशाख गेला, पावसाळा गेला, गणपती झाले. ताई एका शनिवाराआड येत होती, पुस्तकं बदलत होती, फीत बोटाला गुंडाळत होती. वही माझ्या खणात होती. शुद्धलेखन हे कारण खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. मला भीती वाटत होती. ताईच्या वडिलांची, उद्या ते वाचनालयात येऊन उभे राहतील याची, कार्यवाहांना काय सांगायचं याची. आपण लोकांच्या घरात का पडायचं, हे वाक्य मी स्वतःशी अनेकदा म्हटलं. हातात लाल पेन असलं की माणसाला आपण काम करतो आहोत असं वाटतं.

तो गेला त्याच्या आदल्या मंगळवारी मी त्याला म्हणाले, झालं सगळं, ताईच्या येत्या फेरीला नक्की देते.

त्याने कॅलेंडरकडे पाहिलं. "तिची फेरी येत्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी येते," तो म्हणाला. "त्या शनिवारी भाऊबीज आहे, मॅडम. वाचनालय बंद."

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सगळं वर्ष ज्या दिवसावर उभं होतं तो दिवस मी पाहिलाच नव्हता.

"म्हणजे दिवाळीनंतर," तो म्हणाला.

दिवाळीनंतर, मी म्हणाले.

त्याने अकरा पुस्तकं पिशवीत भरली. पुढच्या मंगळवारी ती घेऊन वाचनालयात यायचं होतं. हिरावाडीहून वाचनालय चालत दहा मिनिटांवर आहे. दहावा मैल उलट्या दिशेला, ओझरच्या रस्त्यावर आहे. तो तिकडे का गेला होता हे मला कुणी सांगितलेलं नाही. भाऊबीज चार दिवसांवर होती.

ताईला फोन मीच केला. सभासदत्वाच्या अर्जावर नंबर होता. राखून ठेवलेलं पुस्तक आलं की मी तिला त्याच नंबरवर कळवायचे. माझा आवाज ऐकून ती म्हणाली, "आलं का पुस्तक, मॅडम?"

वडिलांनी ओझरला न्यायला नकार दिला. तिथे सगळे ओळखतात, इथेच उरका, असं ते म्हणाले. म्हणून सिव्हिल हॉस्पिटलमधून पंचवटीच्या अमरधाम स्मशानात आणलं. नातेवाईक सात-आठ होते. कार्यवाह आले होते, मी होते. अकरा पुस्तकं पोलिसांनी मला परत दिली होती.

मी पुढे होऊन पाहिलं. त्याच्या आत्याने साडी नेसवली होती, हिरवी. हातात बांगड्या होत्या. केस आखूड म्हणून पदर कपाळापर्यंत ओढलेला होता. ओठांवरची मिशी कुणीतरी काढून टाकली होती. बोटं मात्र तीच होती, नखांच्या कडेला हिरवट खळ वाळलेली. ती निघाली नव्हती.

"लय त्रास दिला पोरीनं," आत्या बाजूच्या बाईला सांगत होती. "आता तरी नीट दिसतीय."

कार्यवाह माझ्याकडे बघत होते. मी काही बोलेन असं त्यांना वाटलं असावं.

नोंदणीच्या खिडकीशी ताई उभी होती, कारण वडिलांच्या हाताला कंप होता. मी तिच्या मागे तीन पावलांवर होते. खिडकीतला माणूस शांतपणे एकेक रकाना विचारत होता. वय. पत्ता. मृत्यूचं कारण. मग त्याने मान वर न करता विचारलं, "मयत तुमची कोण लागते?"

ताई थांबली. खूप नाही. तिने मागे वळून पाहिलं. वडील भिंतीला टेकून उभे होते. तिची नजर माझ्यावरून गेली आणि परत खिडकीकडे वळली.

"बहीण," ती म्हणाली. "धाकटी."

वही माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होती. तो प्रश्न मी कितीतरी वेळा वाचला होता. त्याच्यापुढचं विरामचिन्ह मी लाल शाईने दुरुस्त केलं होतं. तो प्रश्न वाट बघतो आहे हे त्या आवारात फक्त मला माहीत होतं, आणि जिला तो विचारला गेला तिला माहीत नव्हतं.

त्या भाऊबीजेला संध्याकाळी मी घराच्या गॅलरीत उभी होते. कोर दिसली. मावळेपर्यंत मी तिथेच होते.

महिन्याभराने ताई पुस्तकं परत करायला आली. मी दोन्ही वह्या टेबलावर ठेवल्या, त्याची आणि मी उतरवलेली. हे त्याने तुमच्यासाठी लिहिलंय, असं सांगितलं. तिने माझी वही उघडून मिटली आणि बाजूला सारली. त्याची घेतली. लाल खुणांवरून बोट फिरवलं. मला लाज वाटली. माफ करा, सगळी खराब केली, मी म्हणाले.

"राहू दे," ती म्हणाली. "त्याचं कुठलं आणि तुमचं कुठलं, ते तरी कळतं."

तिने त्याला तो म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. ती वही घेऊन गेली.

चैत्रात परत आली. दुपारची वेळ होती, वाचनालयात कुणी नव्हतं. ती माझ्यासमोर बसली. वही पिशवीतून काढून टेबलावर ठेवली.

"त्याने तुम्हाला कधी दिली होती?"

"पाडव्यानंतर. गेल्या वर्षी."

"म्हणजे त्या दिवशी तुमच्याकडे होती."

"पिशवीत होती."

तिने मान हलवली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी वाचलेली असती, तर तिथं वेगळं बोलले असते असं वाटतं तुम्हाला?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"मलाही माहीत नाही," ती म्हणाली. "तेच कळायचं राहिलं."

मी वहीचं शेवटचं पान उघडून तिच्यापुढे ठेवलं आणि पेन दिलं. निळं. तिने ते परत केलं. मला विचारलं तेव्हा मी उत्तर दिलंय, आता दुसरं लिहिलं तर ती नुसती गोष्ट होईल, असं काहीसं ती म्हणाली. मग पहिलं पान उघडून विचारलं, तो इथे काय नाव लावायचा? मी नोंदवही काढून दाखवली. तिने ते नाव बालवाडीच्या फळ्यावर लिहितात तशा गोल, मोठ्या अक्षरात पहिल्या पानावर लिहिलं. एकेक अक्षर, थांबून. ही बांधून वाचनालयात ठेवा, म्हणाली. कुणी मागितली तर द्या.

त्याचं सामान खोलीमालकाने माझ्याकडे आणून दिलं होतं. दाभण, रीळ, उरलेले पुठ्ठे. कसं शिवायचं ते त्याने मला एकदा गंमत म्हणून शिकवलं होतं. मी खळ शिजवली. पहिल्यांदा गुठळ्या झाल्या, दुसऱ्यांदा जमली. शिवायला दोन मंगळवार लागले. पाठीत लाल फीत घातली. मी उतरवून काढलेली वही रद्दीत दिली.

अकरा पुस्तकांपैकी नऊ पुन्हा वाचायला जातात. दोनांचे पुठ्ठे वाकले आहेत, ती मी कपाटात तशीच ठेवली आहेत.

वही तिसऱ्या कपाटात वरच्या फळीवर आहे. नोंदवहीत तिचा क्रमांक आहे. पाठ जरा वाकडी आहे. आजवर ती चार वेळा वाचायला गेली, त्यातली एक फेरी ताईच्या कार्डावर. त्या वेळी परत आली तेव्हा आतल्या एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. शिंपी आपल्या मुलाला सावली शिवतो ते पान.

तो कोपरा मी सरळ केलेला नाही. शेवटच्या पानावर प्रश्न आहे आणि त्याखाली अर्धं पान कोरं आहे.